रात्रीचा आवाज, रात्रीचं प्रेशर: काळजी आईची जास्त करायची की बाबांची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर गोव्यात गिरी गावात, राष्ट्रीय महामार्ग ६६ पासून साठेक मीटरवर, मधे भातशेत. रात्रभर ट्रक. शनिवार-रविवारी जवळच्या हॉलात लग्नं नाहीतर पार्ट्या, गाण्यांचा बास (खर्जाचा दणका) कधी बारापर्यंत. बाबा ६१ वर्षांचे, प्रेशरची एक गोळी चालू, तरी सकाळी वरचा आकडा १५० च्या आसपास. आई ५७ वर्षांची, दवाखान्यात प्रेशर 'नॉर्मल' निघतं, पण रात्री धडधडून जाग येते. आवाजाचा परिणाम बायकांच्या हृदयावर पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो असं तुम्ही कुठेतरी वाचलंत. म्हणून विचारताय: हे खरं का, आईची तपासणी आधी करावी का, आणि घर विकून टाकावं का.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. तपासणी दोघांचीही करा, पण दोघांची सारखी नको. घर विकायचा विचार सध्या बाजूला ठेवा. पहिला खर्च त्यांच्या झोपायच्या खोलीवर करा. बाईचं हृदय नाजूक की पुरुषाचं, हा वाद सोडवायची तुम्हाला गरज नाही. रात्री दहा ते सहा या आठ तासांत त्या खोलीत काय ऐकू येतं आणि त्या वेळी दोघांचं प्रेशर काय करतं, एवढंच तुमच्या कामाचं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. त्या घरात किती वर्षं काढली, खोली रस्त्याकडे की मागे, बाबा घोरतात का, तंबाखू किंवा सिगरेट आहे का, साखर आहे का, आईची पाळी कोणत्या वयात गेली, गरोदरपणात प्रेशर किंवा साखर वाढली होती का. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे खाली जे सांगतो ते तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवायचं आहे. गोळी स्वतःहून बदलायची नाही.

आवाज हृदयापर्यंत पोचतो कसा? डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. झोपेतही आवाज मेंदूपर्यंत जातो आणि तिथला भीती-सावधपणाचा भाग तो 'धोका आहे का' म्हणून तपासतो. उत्तर येण्याआधीच ॲड्रिनॅलिन सुटलेलं असतं. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, थोड्या वेळाने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढतं. माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो आणि सकाळी सांगतो, 'मला काही आवाज येत नाही, सवय झालीय.' सवय मनाला होते. नाडी आणि प्रेशर पूर्णपणे सवय करून घेत नाहीत. युरोपातल्या चार विमानतळांजवळच्या १४० माणसांना रात्रभर प्रेशरचं यंत्र लावून हे पाहिलेलं आहे. ज्या पंधरा मिनिटांत विमान गेलं, त्या पंधरा मिनिटांत वरचं प्रेशर सरासरी ६.२ ने आणि खालचं ७.४ ने वर गेलं. जाग आली असो वा नसो.

एका रात्रीचे सहा-सात आकडे कुणाला मारत नाहीत. पण निरोगी माणसाचं प्रेशर झोपेत १० ते २० टक्के उतरायला हवं. दिवसा १४० असेल तर रात्री साधारण ११२ ते १२६. रक्तवाहिन्यांना मिळणारी तेवढीच ती विश्रांती. वर्षानुवर्षं ती मोडली, की वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, त्या सैल पडायचं विसरतात, आणि रात्रीचं चढलेलं प्रेशर हळूहळू दिवसाचंही होतं. ज्यांचं प्रेशर रात्री उतरत नाही त्यांना हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, दिवसाचा आकडा बरा दिसत असला तरी.

आता बाई-पुरुष. तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ बहुधा बर्लिनच्या अभ्यासात असावं. १९९८ ते २००१ मध्ये तिथल्या ३२ हॉस्पिटलांतले ४,११५ रुग्ण घेतले, काही हार्ट अटॅकचे, काही तुलनेसाठी. त्यात बायका १,०६१. परिसरात आवाज जास्त असणाऱ्या बायकांमध्ये अटॅकची शक्यता तिपटीहून जास्त निघाली, पुरुषांमध्ये सुमारे दीडपट. बातमीत एवढंच येतं. पण बायकांच्या त्या आकड्याची खरी कक्षा १.४ पटीपासून ८ पटीपर्यंत होती, कारण बायका कमी होत्या. शिवाय त्याच रुग्णांचं दुसरं विश्लेषण केवळ रस्त्याच्या आवाजावर झालं. त्यात ७० डेसिबलच्या वर राहणाऱ्या पुरुषांमध्ये धोका १.३ पट, दहा वर्षांहून जास्त त्याच घरात राहिलेल्या पुरुषांमध्ये १.८ पट, आणि बायकांमध्ये वाढ दिसलीच नाही. तेच शहर, तेच रुग्ण, आणि निष्कर्ष उलटे. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा परिणामही तिथे फक्त पुरुषांत दिसला.

एवढा फरक का पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. अशा अभ्यासांत आवाज घराच्या बाहेरच्या भिंतीशी धरतात. जो माणूस दिवसाचे दहा तास वर्कशॉपात किंवा बार्जच्या इंजिन रूममध्ये असतो, त्याच्या कानावर पडणारा आवाज घराच्या नकाशावरून कळत नाही. जी बाई चोवीस तास त्याच घरात असते, तिचा बऱ्यापैकी कळतो. त्यात वयाचा फरक. पुरुषांना अटॅक साधारण सात ते दहा वर्षं आधी येतात, बायकांचा धोका पाळी गेल्यानंतर वेगाने वाढतो. पन्नाशीतल्या बायकांमध्ये मुळात अटॅक कमी, मग त्यातून काढलेले आकडे डळमळीत राहणारच.

मोठ्या अभ्यासांत चित्र जरा स्थिरावतं. डेन्मार्कमध्ये पन्नास हजारांवर माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा रस्त्याच्या आवाजात दर १० डेसिबलला हार्ट अटॅक १२ टक्क्यांनी जास्त दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी मार्गदर्शन काढलं, त्यासाठी सगळे अभ्यास एकत्र केल्यावर ५३ डेसिबलच्या पुढे दर १० डेसिबलला हृदयविकार ८ टक्क्यांनी वाढतो असं निघालं. सहा विमानतळांजवळच्या एका युरोपीय पाहणीत रस्त्याच्या आवाजाचा आणि उच्च रक्तदाबाचा संबंध पुरुषांमध्ये जास्त ठळक होता. उलट झुरिक विमानतळाच्या परिसरात रात्री विमानांचा मोठा आवाज झाल्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले, आणि ती वाढ बायकांमध्ये अधिक होती. तिथली आणखी एक गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची: ज्या भागात एरवी रस्त्याचा-रेल्वेचा आवाज कमी, तिथे परिणाम जास्त. गोव्यातला शांत वाडा आणि त्यात मध्येच फुटणारा आवाज, हे नेमकं तसंच गणित.

माझं मत असं, की आवाजाला स्त्री-पुरुष दोघेही बळी पडतात, फक्त वेगळ्या वयात आणि वेगळ्या वाटेने. एका घरातल्या दोन माणसांसाठी 'कोणाला जास्त' याचं उत्तर कुठल्याच अभ्यासातून मिळणार नाही.

आणि प्रमाण सोडू नका. ८ टक्के म्हणजे शंभरात आठ माणसांना अटॅक, असं नाही. बाबांना दहा वर्षांत अटॅकची शक्यता शंभरात १० असेल, तर १० डेसिबल जास्त आवाजाने ती १०.८ होते. सिगरेट, न उतरलेलं प्रेशर, साखर आणि कोलेस्टेरॉल यांचा वाटा यापेक्षा कितीतरी मोठा आहे. बाबा सिगरेट ओढत असतील आणि खिडकीला पन्नास हजार घालूनही ती तशीच राहिली, तर पैसे वाया. शिवाय महामार्गाच्या बाबतीत आवाजाबरोबर धूरही येतो आणि तोही हृदयाला वाईट, दोघांचा हिशेब पूर्णपणे वेगळा करता येत नाही. खिडकी नीट बंद झाली तर दोन्ही थोडे कमी होतात, हा त्यातला फायदा.

आता तुमच्या खोलीकडे येऊ. समजा रात्री शेताकडच्या खिडकीबाहेर एरवी ४२ डेसिबल असतात: बेडूक, वारा, लांबची गाडी. दहा ते सहामध्ये तीस जड ट्रक जातात, प्रत्येकाचा आवाज वीस सेकंद ७० डेसिबल. एकूण झाली दहा मिनिटं, म्हणजे रात्रीचा अठ्ठेचाळिसावा भाग. तरी पूर्ण रात्रीची सरासरी निघते सुमारे ५३. कारण डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. म्हणजे 'रात्री तर शांतच असतं' म्हणणारं घरही दहा मिनिटांच्या जोरावर मर्यादेच्या ८ डेसिबल वर जाऊ शकतं. आणि हृदयाला सरासरीपेक्षा ते तीस धक्के जास्त जाणवतात, विशेषतः रिकामा डंपर गतिरोधकावर आपटतो तेव्हाचा त्याच्या मागच्या फळीचा दणका.

झोपेसाठी धरायचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेनेच १९९९ मध्ये दिलेला आहे: खोलीत सरासरी ३० आणि एकेका आवाजाचं टोक ४५ डेसिबलच्या आत. बाहेर ७०, आत ४५ हवे, म्हणजे खिडकीने २५ अडवायला हवेत. उघडी खिडकी १० ते १५ अडवते. बंद केलेली आपली नेहमीची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी साधारण २० च्या घरात अडकते.

ती तिथे का अडकते, हे तपासून पाहा. रात्री खिडकी बंद करून दिवे घालवा आणि कुणाला तरी बाहेरून टॉर्च मारायला सांगा. दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथे उभी उजेडाची रेघ दिसेल, खालच्या पट्टीत एक, वर एक. केसाळ ब्रशची पट्टी असते ती दोन पावसाळ्यांत चपटी होऊन गेलेली असते. मग पंखा बंद करून त्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत वळतो तिथून आवाजही येतो. आता हिशेब: खिडकी १.२ मीटर बाय १.२ मीटर, क्षेत्रफळ १४,४०० चौरस सेंटिमीटर. ३ मिलिमीटरची फट १.२ मीटर लांब म्हणजे ३६ चौरस सेंटिमीटर. अशा तीन फटी म्हणजे १०८, म्हणजे पाऊण टक्का. पाऊण टक्का उघडी खिडकी, काच कितीही जाड असली तरी, २१ डेसिबलपेक्षा जास्त अडवूच शकत नाही. लोक सरकत्या चौकटीत जाड काच बसवून घेतात आणि म्हणतात काही फरक पडला नाही. पडणार नाहीच, आवाज काचेतून येतच नव्हता.

म्हणून क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी खोली बदला. खाट मागच्या खोलीत नेली, रस्ता आणि खाट यांच्यामध्ये घर आलं, की साधारण १० डेसिबल किंवा जास्त फुकट मिळतात. तुमचं घर जुनं, चिऱ्याच्या भिंतीचं असेल तर भिंतीची चिंताच नको. चिरा जड असतो, आवाज चांगला अडवतो. खोली बदलता येत नसेल तर फटी बुजवा: रबराच्या पट्ट्या, चौकट आणि भिंत यांच्यातल्या भेगेत सिलिकॉन, दाराच्या खाली रबर. हे थोडक्यात होतं आणि आठवड्यात फरक कळतो. त्यानंतर, गरज उरली तर, सरकत्याऐवजी बिजागरीवर उघडणारी, रबरावर घट्ट दाबून बसणारी खिडकी आणि थरांची, लॅमिनेटेड काच. किंवा जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला दुसरी खिडकी, दोन काचांमध्ये १० सेंटिमीटर अंतर. हे अंतरच काम करतं. दोन काचा जवळजवळ चिकटवल्या तर उष्णता अडते, आवाज फारसा नाही. छप्पर कौलारू असेल आणि खाली तक्तपोशी नसेल, तर खिडकीवर मोठा खर्च करू नका, आवाज वरून येईल.

दोन धोके लक्षात ठेवा. घट्ट बंद केलेल्या खोलीत पावसाळ्यात ओल धरते, भिंतीला बुरशी येते आणि दम्याचा त्रास वाढतो. म्हणून मागच्या, शांत बाजूची एक खिडकी हवेसाठी ठेवा. आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली हवा जायची जागा कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणूस आंघोळीतच मरतो.

कुंपणाची भिंत बांधावी का असं हमखास विचारतात. रस्ता दिसेनासा झाला तर तळमजल्यावर साधारण ५ डेसिबल मिळतात, वरच्या मजल्यावर काही नाही. झाडांच्या एक-दोन रांगांनी मोजण्याजोगा फरक पडत नाही. मनाला बरं वाटतं, आणि त्याचीही किंमत आहे, म्हणून झाडं लावा, पण खिडकीच्या जागी नको.

हॉलचा बास वेगळं प्रकरण. तो खिडकीने थांबत नाही. मोबाइलचं ॲप किंवा साधं मीटर ज्या 'ए' मापावर मोजतं, ते खर्ज कमी धरतं; त्यामुळे छाती थरथरते आणि आकडा मात्र ५० दाखवतो. मीटरवर 'सी' माप असेल तर दोन्ही घ्या. सी हा ए पेक्षा १५-२० नी जास्त असेल तर तो खर्जाचा त्रास, आणि त्यावर उपाय आवाज करणाऱ्याकडेच आहे. मोबाइलच्या आकड्यावर दोन-चार डेसिबलसाठी भांडू नका, पण आधी-नंतरची तुलना करायला तो पुरतो: तोच फोन, तीच जागा, खिडकीपासून हात लांब, पंधरा मिनिटांची सरासरी आणि सर्वात मोठं टोक.

आता माणसं. बाबांपासून सुरू करा, कारण त्यांचा आकडा आज चढलेला आहे. दंडाला लावायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो, जाड दंडाला लहान पट्टा लावला की प्रेशर खोटंच जास्त दिसतं. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, लघवी करून, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत घेतलेला आकडा चालणार नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा. तसंच संध्याकाळी. सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. ती १३५/८५ किंवा जास्त असेल, तर प्रेशर ताब्यात नाही.

मग पुढचे सात दिवस बाबांना मागच्या खोलीत झोपवा आणि गोळी, जेवण, मोजायची पद्धत तीच ठेवा. सरासरी पाचपेक्षा कमी उतरली तर त्यातून अर्थ काढू नका, एवढा चढउतार असतोच. बरीच उतरली तर तुम्हाला उत्तर मिळालं. काहीच उतरली नाही तर आवाजावर खापर न फोडता दुसरी कारणं शोधा: बाबा जोरात घोरतात का, मधे श्वास थांबून गुदमरल्यासारखे उठतात का, सकाळी डोकं जड असतं का, दिवसा डुलक्या येतात का. घोरण्याच्या त्या आजारात रात्रीचं प्रेशर चढतं आणि सकाळी नेमकं असंच दिसतं; संध्याकाळची दारू त्यात भर घालते. गोळी चुकते का, मीठ किती (सुकी मासळी आणि लोणचं पानात किती वेळा, हे खरं सांगा), गुडघ्यासाठी वेदनाशामक रोज घेतात का, हेही. आयुष्यभर कुठल्या आवाजात काम केलं ते डॉक्टरांना सांगा. आठ तास ८५ डेसिबलच्या वर, म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं, तर ऐकूही तपासून घ्या.

'रात्रीचं प्रेशर वाढतं, मग गोळी रात्री घेऊ का?' ब्रिटनमध्ये २१,००० हून जास्त रुग्णांवर हे करून पाहिलं, निकाल २०२२ मध्ये आला: सकाळी घ्या की संध्याकाळी, अटॅक-पक्षाघातात फरक नाही. जी वेळ विसरत नाही ती पाळा.

आईच्या बाबतीत चूक वेगळीच होते. दुपारी बाराला दवाखान्यात १२८/८० निघालं म्हणून 'नॉर्मल' शिक्का बसतो, आणि धडधड 'त्या वयात होतंच' म्हणून सोडून दिली जाते. आईलाही वरच्यासारखं सात दिवस मोजा आणि एकदा चोवीस तासांचं प्रेशरचं यंत्र लावून घ्या. रात्रीची सरासरी १२०/७० किंवा जास्त असेल तर दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. यंत्र साध्या वारी लावा, हॉलात लग्न असेल त्या रात्री नको. पट्टा रात्री फुगतो त्यानेही झोप मोडते, ते डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

धडधड होईल तेव्हा तुम्ही किंवा बाबांनी आईच्या मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, घड्याळ बघून. आकडा लिहा, आणि ठोके घड्याळासारखे एकसारखे पडतात की कसेही, ते लिहा. घाम आणि अंगातून वाफा आल्यासारखं झालं का, तेही. ही तीन ओळींची नोंद डॉक्टरांना दहा तपासण्यांएवढी मदत करते. जलद पण नियमित आणि वाफांबरोबर, तर पाळी गेल्यानंतरचा त्रास असू शकतो. अनियमित असेल तर ईसीजी आणि हॉल्टर (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) लवकर हवा, कारण अनियमित ठोक्यांचा एक प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, पक्षाघाताला कारण होतो. जर्मनीतल्या माइंझच्या पाहणीत आवाजाचा जास्त जाच होणाऱ्यांमध्ये तो जास्त आढळला होता. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल. गरोदरपणी प्रेशर किंवा साखर वाढली होती, किंवा पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली, तर आवर्जून सांगा; विचारलं जात नाही म्हणून सांगितलं जात नाही, आणि धोका मात्र त्याने वाढतो.

आईच्या बाबतीत आणखी एक. बायकांमध्येही अटॅकला छातीत दुखणं हेच सगळ्यात जास्त आढळतं, पण जबडा, पाठ, दम लागणं, मळमळ, अचानक गळून जाणं हेही जास्त वेळा असतं आणि ते पित्तावर ढकललं जातं. असं दहा-पंधरा मिनिटांत ओसरलं नाही तर सोडा घेऊन वाट बघत बसू नका, १०८ लावा.

कानात घालायच्या स्पंजच्या बोळ्यांनी बराच फायदा होतो, पण बहुतेकजण त्या चुकीच्या घालतात. बोटांत लाटून बारीक करायची, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. बाहेरून दिसत असेल तर ती नीट बसलेली नाही. कान फुटलेला असेल, वाहत असेल तर घालायची नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर दोघांपैकी एकानेच घाला. झोपेची गोळी मात्र शेजारच्याच्या सांगण्यावरून कुणीही सुरू करू नये. घोरण्याचा आजार असेल तर अशा काही गोळ्यांनी श्वास थांबणं वाढतं.

हॉलसाठी कायदा तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, सांस्कृतिक-धार्मिक प्रसंगांना, बारापर्यंत सूट देऊ शकतं. चवथ, फेस्त, शिगमो त्यात येतील, कुणाच्या लग्नाचा डीजे नाही. खाजगी जागेच्या हद्दीवर तिथल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता येत नाही. आवाज चालू असतानाच ११२ ला फोन करा, वेळ लिहा, खोलीतून घड्याळ दिसेल असा छोटा व्हिडिओ घ्या. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार पोलिसांकडे आणि प्रत साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला. एकट्याच्या तीन तक्रारींपेक्षा वाड्यातल्या पाच घरांच्या सह्यांची एक तक्रार जास्त चालते. ट्रकच्या दणक्यासाठी पंचायतीमार्फत पत्र द्या, पण 'आवाज होतो' असं मोघम नको. अमुक खांबासमोरचा गतिरोधक, अमुक ठिकाणचा खड्डा, असं नेमकं लिहा. तिथे डांबर पडलं की दणका त्याच दिवशी बंद होतो.

घराबद्दल. खोली बदलून, फटी बुजवून तीन महिन्यांनी दोघांची सात दिवसांची सरासरी पुन्हा काढा. प्रेशर ताब्यात आलं आणि आई सलग झोपू लागली, तर घर विकायचं कारण उरत नाही. उतारवयात शेजारपाजार सोडून परक्या फ्लॅटमध्ये जाण्याचाही हृदयावर ताण असतो. आणि एवढं करूनही जावंच लागलं, तर नवीन जागा रविवारी सकाळी बघून पसंत करू नका. शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री अकराला जा, आणि कामाच्या एखाद्या दिवशी पहाटे चारला पुन्हा जा. झोपायच्या खोलीची खिडकी बंद करून पंधरा मिनिटं गप्प उभे राहा, आणि किती आवाज वेगळे मोजता येतात ते बोटांवर मोजा.